झपाटलेल्या माणसाची गोष्ट फाउंड फुटेजमध्ये सांगावी का?

कंदील:

रसभंगाचा इशारा आधीच देते. 'द लास्ट एक्सॉर्सिझम', 'रेक', 'द मीडियम' वगैरे ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांनी ते पाहून मगच पुढे वाचावं. शेवटांबद्दल बोलल्याशिवाय ही चर्चा होणार नाही.

फाउंड फुटेज म्हणजे पडद्यावर दिसतंय ते गोष्टीतल्याच कुणीतरी चित्रित केलंय आणि नंतर ते कुणाच्या तरी हाती लागलंय, असं मानून केलेला सिनेमा. १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला आणि ही शैली सगळीकडे पोचली. पुढे स्वस्तात होते म्हणून तिचा इतका उपसा झाला की आता नुसतं नाव काढलं तरी लोक कंटाळतात. झपाटण्याच्या गोष्टींबाबत तर एक मत ठरूनच गेलंय: त्यातला विधी, त्यातली श्रद्धा, घरच्यांचं दुःख हे सगळं थरथरत्या कॅमेऱ्याला पेलत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. भयपटाच्या सगळ्या प्रकारांत झपाटण्याच्या गोष्टीलाच ही शैली सर्वांत जास्त मानवते, असं माझं म्हणणं आहे.

भुताच्या गोष्टीत कॅमेऱ्याला भूत पकडावं लागतं, आणि एकदा का ते चौकटीत सापडलं की त्याचा दरारा संपतो. झपाटलेला माणूस मात्र पहिल्यापासून समोरच असतो. तो जेवतो, हसतो, झोपतो. कॅमेऱ्याने फक्त बघत राहायचं. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये रात्रभर कॅमेरा तिवईवर ठेवलेला असतो. केटी मध्यरात्री उठते, पलंगाशेजारी उभी राहते आणि झोपलेल्या जोडीदाराकडे, मायकाकडे, बघत राहते. कोपऱ्यातले वेळेचे आकडे पळायला लागतात. दीड-दोन तास निघून जातात आणि ती तिथेच, किंचित डुलत. ना संगीत, ना चेहऱ्याचा क्लोजअप. क्लोजअप घेतला असता तर आपल्याला काय वाटायला हवं ते दिग्दर्शकाने सांगून टाकलं असतं. हाच प्रसंग नेहमीच्या पद्धतीने चित्रित केला असता तर तीन शॉटमध्ये आटोपला असता, आणि त्यातली भीतीसुद्धा. दिग्दर्शक ओरेन पेलीने हा सिनेमा स्वतःच्या घरात, सात दिवसांत, सुमारे १५,००० डॉलरमध्ये चित्रित केला होता. पण त्या प्रसंगाची ताकद कमी खर्चातून येत नाही. बाईला एकटं सोडून कॅमेरा गप्प बसतो, त्यातून येते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झपाटण्याच्या प्रत्येक गोष्टीत एक वाद असतो: हा आजार आहे, सोंग आहे, की खरंच काहीतरी आत शिरलंय? वाद आला की पुरावा आला, आणि पुरावा म्हटलं की कॅमेरा. 'द लास्ट एक्सॉर्सिझम' (२०१०) याच खुंटीवर उभा आहे. कॉटन मार्कस हा धर्मोपदेशक माहितीपट करणाऱ्यांना बरोबर घेऊन निघतो ते एक्सॉर्सिझम, म्हणजे अंगातला सैतान काढायचा ख्रिस्ती विधी, हे थोतांड आहे हे दाखवायला. धूर सोडणारा क्रूस, लपवलेल्या स्पीकरमधून येणारे सैतानाचे आवाज, पलंग हलवायला बांधलेल्या तारा, सगळ्या क्लृप्त्या तो कॅमेऱ्याला उघड करून दाखवतो. नेल नावाच्या मुलीवरचा पहिला विधी आपण एका अंगाने बघत असतो आणि दुसऱ्या अंगाने त्यामागची जुळवाजुळव. फसवणूक उघडी करायला आणलेल्या कॅमेऱ्यासमोरच पुढे खरं काहीतरी घडायला लागतं, तेव्हा आपल्या हातात कुठलीच क्लृप्ती उरलेली नसते. गोष्टीबाहेरच्या कॅमेऱ्याने हे साधलं नसतं, कारण त्या कॅमेऱ्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

बोला.


जुनं रीळ:

कंदील, मांडणी चांगली आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे.

झपाटण्याची गोष्ट ही झपाटलेल्याची नसतेच. ती त्याच्याभोवतीच्या माणसांची असते. 'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३) मध्ये मला सर्वांत जास्त हलवून सोडणारा प्रसंग कुठला, तर झपाटलेल्या रेगनची आई फादर कॅरसला भेटते तो. काळा चष्मा, डोक्याला रुमाल, चष्म्याआड मुलीने मारल्याची खूण. ती आधी इकडचं तिकडचं बोलते आणि मग विचारते, एखाद्याला एक्सॉर्सिझम करून घ्यायचा असेल तर काय करावं लागतं? नास्तिक बाई हा प्रश्न विचारतेय, आणि ज्याला विचारतेय त्याची स्वतःची श्रद्धा डळमळलेली आहे. आता मला सांगा, फाउंड फुटेजमध्ये हा प्रसंग कोण चित्रित करणार? अशा वेळी माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर कॅमेरा बंद करायला सांगतो. तुमची शैली नेमक्या त्या क्षणी दाराबाहेर उभी असते.

आणि शेवट. सैतान कॅरसच्या अंगात शिरतो. काही क्षण त्याचा चेहरा त्याचा राहत नाही, हात मुलीच्या दिशेने जातात, मग तो स्वतःला परत मिळवतो आणि खिडकीतून उडी घेतो. सगळा सिनेमा त्या चेहऱ्यावरच्या बदलावर तोललेला आहे. हा बदल दिसण्यासाठी कॅमेरा योग्य जागी, योग्य अंतरावर हवा. गोष्टीतला कुणी घाबरलेला माणूस तिथे कॅमेरा धरून असता तर तुम्हाला छत दिसलं असतं, नाहीतर फरशी.

तुम्ही म्हणाल, खरेपणाचं काय? तर 'द एक्सॉर्सिस्ट'चा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन माहितीपटांतूनच आलेला होता. रेगनच्या मेंदूच्या तपासणीचा प्रसंग बघा. मानेत सुई जाते, रक्ताची चिळकांडी उडते, यंत्र धाडधाड आवाज करत राहतं. त्यात सैतान नाही, जादू नाही, फक्त एक लहान मुलगी आणि निर्विकार यंत्रणा. पुष्कळ लोकांना सिनेमातला सर्वांत असह्य भाग हाच वाटतो. माहितीपटाची नजर तिथे पुरेपूर आहे, फक्त 'हे कुणाला तरी सापडलं' असं सोंग नाही. खरेपणा हवा असेल तर तो असा मिळतो.

'द लास्ट एक्सॉर्सिझम'चा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगतो. पहिला तासभर मलाही आवडला. पण शेवटी रानात अग्नी, पंथाचे लोक, वाईट शक्तीचा जन्म, असं सगळं उघड करून टाकलंय. संशयावर उभा केलेला सिनेमा संशय टिकवू शकला नाही. हा दोष मला या शैलीचाच वाटतो. कॅमेरा इतका वेळ पुरावा शोधत फिरवलात की शेवटी प्रेक्षकाला पुरावा द्यावाच लागतो.


मितभाषी:

जुनं रीळ यांच्याशी सहमत. माझा एकच प्रश्न असतो: एवढं होईपर्यंत हे लोक चित्रीकरण का थांबवत नाहीत? ज्या क्षणी हा प्रश्न मनात आला त्या क्षणी माझी भीती गेली. आणि झपाटण्याच्या सिनेमात तो हमखास येतो, कारण समोर घरातलं माणूस तडफडत असतं. जंगलात वाट चुकलेल्यांनी कॅमेरा धरून ठेवला तर चालून जातं. बायको, मुलगी, आई यांच्या बाबतीत नाही चालत.


कंदील:

मितभाषी, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नसलेला नाही. 'रेक' (२००७) चा शेवट घ्या. बार्सिलोनातली वेढा पडलेली इमारत, वार्ताहर अँजेला आणि तिचा कॅमेरामन पाब्लो. वरच्या बंद घरात टेपरेकॉर्डरवर पोर्तुगालच्या एका झपाटलेल्या मुलीची हकीकत सापडते, म्हणजे तोवर जो संसर्ग वाटत होता त्याचं मूळ कळतं. मग कॅमेऱ्यावरचा दिवा फुटतो आणि पाब्लो नाइट व्हिजन चालू करतो. त्या अंधारात कॅमेऱ्याशिवाय काहीच दिसत नाही. अँजेला चाचपडतेय, ती झपाटलेली मुलगी, मेदेरॉस, तिच्यापासून हातभर अंतरावर आहे, आणि हे पाब्लोला आणि आपल्यालाच ठाऊक आहे. तिथे कॅमेरा खाली ठेवणं म्हणजे आंधळं होणं. का थांबवत नाहीत, हा प्रश्न तिथे सुचतच नाही.

आणखी एक गंमत नाही म्हणता येणार, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट: याच मालिकेच्या तिसऱ्या भागात (२०१२) सुरुवात लग्नाच्या व्हिडिओने होते, मग कॅमेरा फुटतो आणि सिनेमा नेहमीच्या पद्धतीने पुढे जातो. दिग्दर्शक पहिल्या भागाच्या दोघांपैकीच एक, पाको प्लाझा, झपाटलेले लोक तसेच, रक्तपात भरपूर. भीती मात्र कॅमेऱ्याबरोबर फुटून गेली. बघून कुणीही पडताळून पाहावं.

जुनं रीळ, तुमच्या आईच्या प्रसंगाला उत्तर देईन, थोडा वेळ द्या.


पट्टी काळी चार:

मी ध्वनीमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून चित्रापेक्षा आवाजाबद्दल बोलतो. या चर्चांमध्ये सगळे कॅमेरा हलतो की नाही यावरच भांडतात आणि आवाज राहून जातो, जो भयपटाचा अर्ध्याहून अधिक भार उचलतो.

साध्या घरगुती कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय असते. समोर शांतता असली की ती पातळी वर चढवत नेते. त्यामुळे शांतता कधीच शांत नसते, तिच्यात एक सूं सूं हळूहळू फुगत जातं. मग अचानक कुणी किंचाळलं की तीच सोय पातळी झटकन खाली दाबते. किंकाळीचं पहिलं टोक फाटतं आणि उरलेली दबून, चपटी होऊन येते, आणि नंतर काही क्षण सगळं जग कान बधिर झाल्यासारखं लांब जातं. हे कुणी रचलेलं नसतं, यंत्राचा स्वभावच तो. ज्यांनी घरचे व्हिडिओ ऐकलेत त्यांच्या कानांना हा स्वभाव ओळखीचा असतो, म्हणून तो ऐकू आला की मेंदू 'हे खरं आहे' असं मानून मोकळा होतो. वाट बघायला लावणारी शांतता आणि फाटलेली किंकाळी, दोन्ही आयते मिळतात. पार्श्वसंगीताला यासाठी मेहनत करावी लागते.

झपाटण्यात तर याचा जास्तच उपयोग. 'द एक्सॉर्सिस्ट'मधला सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीचा आहे, नंतर रेगनचं काम करणाऱ्या लिंडा ब्लेअरच्या ओठांवर बसवलेला. काम थोरच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तो आवाज त्या खोलीचा नाही, तो स्टुडिओतून आलाय हे कानाला कळतं. फाउंड फुटेजमध्ये तसं करताच येत नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकपासून मुलगी दहा फुटांवर असेल तर तिचा आवाज दहा फुटांवरूनच यायला हवा, खोलीचा घुमारा घेऊन. म्हणजे नटीच्या स्वतःच्या गळ्यातून यायला हवा. अशा वेळी बिघडलेला आवाज नव्हे, तर नेहमीच्याच आवाजात आलेलं चुकीचं वाक्य अंगावर येतं.

आता तक्रार. शैलीचा नियम पाळायचा धीर बहुतेकांना नसतो. 'द लास्ट एक्सॉर्सिझम'ला रीतसर पार्श्वसंगीत आहे. माहितीपटाचं फुटेज सापडलं, त्यावर संगीत कुणी चढवलं? 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'तसुद्धा काही घडायच्या आधी खालच्या पट्टीतली एक घरघर सुरू होते. ती परिणाम करते हे खरं, पण दोन-तीनदा ऐकली की ती आगाऊ सूचना होऊन बसते आणि प्रेक्षक सावरून बसतो. कंदील म्हणतात तसा कॅमेरा गप्प बसलाय, पण ध्वनिपट्टी कानात कुजबुजतेय. मी या शैलीच्या बाजूने आहे, पण ती अर्धवट वापरणाऱ्यांच्या नाही.


रात्रपाळी:

मी रुग्णालयात परिचारिका आहे, मेंदूविकारांच्या विभागात बरीच वर्षं काढली. तुमच्यापैकी कुणी या बाजूने बोललेलं नाही म्हणून लिहिते.

घरच्या माणसाला विचित्र झटके येतात तेव्हा नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ काढतात. डॉक्टरच सांगतात काढायला, कारण तपासणीच्या वेळी रुग्ण बहुतेकदा व्यवस्थित असतो आणि शब्दांत केलेल्या वर्णनावरून फीट आहे की दुसरं काही हे ठरवणं कठीण जातं. असे व्हिडिओ मी खूप पाहिलेत. त्यामुळे 'लोक अशा वेळी चित्रीकरण कशाला करतील' हा मितभाषींचा आक्षेप मला पटत नाही. करतात. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने करतात.

पण ते व्हिडिओ कसे असतात ते सांगते. पहिले काही क्षण चित्र स्थिर असतं. काढणारा रुग्णाचं नाव घेऊन हाक मारत असतो, पुन्हा पुन्हा. मग रुग्ण पलंगाच्या कडेला सरकतो, किंवा डोकं आपटायला लागतं, आणि चित्र एकदम कलंडतं. पुढे चादर दिसते, काळोख दिसतो, माणसांची धावपळ ऐकू येते. फोन टाकून दिलेला असतो, कारण दोन्ही हात हवे असतात. जवळच्या माणसाने काढलेला जवळपास प्रत्येक व्हिडिओ असाच संपतो. सिनेमातला व्हिडिओ तिथे संपत नाही, आणि म्हणून मला तो खोटा वाटतो. कॅमेरा चालू राहणं शक्य आहे, पण मग धरणारा त्या माणसाचा कुणी लागत नाही असं मानावं लागतं.

'द टेकिंग ऑफ डेबोरा लोगन' (२०१४) ने ही गोष्ट ओळखली होती. तिथे कॅमेरा बाहेरच्यांचा आहे. अल्झायमरवर माहितीपट करणारी विद्यार्थिनी आणि तिचे सोबती, आणि घरावर कर्ज असल्यामुळे रुग्ण डेबोराच्या मुलीने त्यांना आत घेतलंय. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण कसा बिथरतो, कसा ओळखीच्या माणसावर चोरीचा आळ घेतो, हे डेबोराचं काम करणाऱ्या जिल लार्सनने इतकं बिनचूक केलंय की मला पहिला अर्धा भाग बघवेना. एके रात्री डेबोरा तिच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर बसून फ्रेंचमध्ये बोलत असते. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईचे हात जुन्या कामाच्या सवयीने चालतात हे अगदी खरं आहे. फक्त भाषा कुठून आली, हे कळत नाही. आजार आणि झपाटणं यांच्यामधली रेघ इतकी बारीक मी दुसऱ्या सिनेमात पाहिली नाही. मग शेवटी गुहा आणि सापासारखा उघडलेला जबडा येतो, आणि ती बाई माझ्यासाठी रुग्ण राहत नाही.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. अशा सिनेमांना 'खरंच सापडलेलं' म्हणायची हौस असते. खरंच सापडलेलं काय आहे ते माहीत असू द्या. जर्मनीतल्या आनेलीझ मिशेलला अपस्माराचं निदान झालेलं होतं. १९७५-७६ मध्ये सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर एक्सॉर्सिझमची ६७ सत्रं झाली. त्यातल्या कित्येकांच्या ध्वनिफिती आहेत. १ जुलै १९७६ ला ती उपासमारीने आणि पाण्याविना गेली, तेव्हा २३ वर्षांची होती आणि वजन तीस किलोच्या आसपास उरलं होतं. १९७८ मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी धरलं. त्या फितींत लोकांना सैतान ऐकू येतो. मला एक आजारी मुलगी ऐकू येते, जिला खोलीतलं कुणीही दवाखान्यात नेत नाहीये. २००७ साली डॉक्टर जोसेप दाल्माऊ यांच्या चमूने मेंदूच्या दाहाचा एक प्रकार वर्णन केला, ज्यात तरुण मुली अचानक आक्रमक होतात, असंबद्ध बोलतात, अंग विचित्र वाकवतात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ जणी बऱ्या होतात. हे कळल्यापासून या शैलीतल्या सिनेमांकडे मी करमणूक म्हणून बघू शकत नाही, पण बघते. ते कुठल्या बाजूला उभे राहतात, याकडे माझं लक्ष असतं.


चौकट:

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

यातूनच एक मुद्दा निघतो. कॅमेरा धरणारा परका असेल तर चित्रीकरण चालू राहणं पटतं, पण मग परकेपणाचा हिशेब सिनेमाने चुकता करायला हवा. 'द लास्ट एक्सॉर्सिझम'मध्ये नेल रात्री कॅमेराच उचलते आणि त्यानेच मांजर ठेचून मारते. बघायचं साधन मारायचं साधन होतं. बघणारे तटस्थ नाहीत हे सांगायला आणखी काय हवं? आणि शेवटी चित्रीकरण करणाऱ्यांचं काय होतं ते नेलने चित्रांत आधीच काढून ठेवलेलं असतं. जुनं रीळ म्हणतात तसा शेवट ढोबळ असेल, पण मला त्यात न्याय दिसतो.

याच्या उलट 'द डेव्हिल इनसाइड' (२०१२). ऐन रंगात गाडीचा अपघात, पडदा काळा, आणि पुढची माहिती अमुक संकेतस्थळावर बघा अशी पाटी. प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला थेट 'एफ', म्हणजे सर्वांत खालची श्रेणी दिली, आणि तरी त्याने जगभरात १० कोटी डॉलरहून अधिक कमावले. या शैलीची बदनामी अशा सिनेमांनी केलीय. तिच्यात काही मुळातच खोट आहे म्हणून नव्हे.


जुनं रीळ:

चौकट, मला तो न्याय वाटत नाही. चित्रीकरण करणाऱ्यांना शिक्षा झाली म्हणून ज्या मुलीचं त्यांनी प्रदर्शन मांडलं तिला काय मिळालं? नेल शेवटी यज्ञाची सामग्रीच राहते.

रात्रपाळींनी आनेलीझचा विषय काढलाच आहे, तर त्याच घटनेवरून केलेला 'रेक्विएम' (२००६) हा जर्मन सिनेमा बघा. दिग्दर्शक हान्स-क्रिस्टियान श्मिड, मुख्य भूमिका सँड्रा ह्युलरची, जिला बर्लिनच्या महोत्सवात त्यासाठी रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं. कॅमेरा हातात धरलेला, सतत तिच्या खांद्याशी, श्वास ऐकू येईल इतका जवळ. सैतान एकदाही दिसत नाही. वसतिगृहात राहायला मिळालं म्हणून हरखलेली, मैत्रिणीबरोबर नाचणारी, प्रार्थनेची माळ हातात धरू न शकणारी मुलगी दिसते. आणि सिनेमा तिच्या मरणाआधीच थांबतो. कंदील यांना हवी असलेली जवळीक, काळी चार यांना हवा असलेला खोलीचा आवाज, रात्रपाळींना हवी असलेली बाजू, सगळं तिथे आहे. 'सापडलेलं फुटेज' ही अट काढून टाकल्यामुळेच ते जमलंय. तो कॅमेरा कुणाचाच नाही, म्हणून त्याला तिच्या जवळ राहायची मुभा आहे.

म्हणून माझं म्हणणं मी बदलत नाही. हातातला कॅमेरा जरूर घ्या. तो कुणाच्या हातात आहे, हे सांगण्याचा हट्ट सोडा.


कंदील:

'रेक्विएम' मोठाच सिनेमा आहे आणि तो फाउंड फुटेजमध्ये होऊ शकला नसता, हे मान्य. पण त्याला प्रेक्षकाला घाबरवायचं नाहीये. त्याला सैतान आहे की नाही या वादात रस नाही, त्याने उत्तर आधीच ठरवलंय. भयपटाला तो वाद जिवंत ठेवावा लागतो, आणि मी भयपटाबद्दल बोलतेय.

आता तुमच्या आईच्या प्रसंगाचं उत्तर. अशा वेळी माणूस कॅमेरा बंद करायला सांगतो, असं तुम्ही म्हणालात. मग 'द मीडियम' (२०२१) मधल्या निमचं काय? थायलंडच्या ईशान्येकडची ही मध्यमवयीन बाई. बा यान नावाच्या देवीचा तिच्यात वास आहे असं मानलं जातं आणि माहितीपटवाले तिच्यामागे फिरताहेत. पुढे तिची भाची मिंक झपाटली जाते. उत्तरार्धात घरभर कॅमेरे, रात्रीची हिरवी चित्रं, आरडाओरडा, कत्तल, हे सगळं येतं आणि मला त्यातलं निम्मं नको होतं. पण सर्वांत शेवटी, सगळे मेल्यावर, निमची आधी घेतलेली मुलाखत लागते. ती रडत सांगते की देवी खरंच कधी आपल्या अंगात होती की नाही, हे आपल्यालाच ठाऊक नाही. आयुष्यभर ज्या श्रद्धेवर लोकांना बरं केलं, तिच्याबद्दलची ही कबुली तिने बहिणीजवळ दिलेली नाही, देवीच्या मूर्तीसमोर दिलेली नाही. ती दिलीय कॅमेऱ्याला. परका होता म्हणूनच दिलीय. घरच्यांना सांगता येत नाही ते माणूस परक्याला सांगतो, आणि या शैलीत तो परका गोष्टीतच बसलेला असतो.


जुनं रीळ:

तो प्रसंग अप्रतिम आहे. पण ती खुर्चीवर बसून, संमतीने दिलेली मुलाखत आहे. माहितीपटाचं तंत्र आहे ते. फुटेज सापडण्याशी त्याचा काय संबंध? तीच मुलाखत नेहमीच्या सिनेमातही ठेवता आली असती.


कंदील:

ठेवता आली असती, पण मग ती वेळेवर आली असती. निम जिवंत असताना, विधीच्या आदल्या रात्री, जेव्हा तिचा उपयोग होता. इथे ती नंतर येते, कारण चित्रीकरण करणारे मेले आणि त्यांच्या मागे उरलेल्या साठ्यातून कुणीतरी हा सिनेमा जुळवला, असं आपण गृहीत धरलेलं असतं. ज्याने जुळवला त्याच्यापुढे सगळं फुटेज होतं. निमला शंका होती हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी त्याने ते आपल्यापासून दडवून शेवटी ठेवलं. काळी चार यांनी विचारलं होतं की सापडलेल्या फुटेजवर संगीत कुणी चढवलं. मी म्हणेन, तोच प्रश्न या शैलीतल्या प्रत्येक सिनेमाला विचारा: हे जुळवलं कुणी, आणि कुणासाठी? ज्या सिनेमाकडे उत्तर आहे तो मला चालतो, कॅमेरा कितीही हलू दे.


पट्टी काळी चार:

कंदील, मग 'द मीडियम' पुन्हा बघताना एक करा. मिंकचे रात्रीचे प्रसंग हेडफोन लावून ऐका आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा आवाज वेगळा लागतो का ते सांगा. जुळवणारा माणूस खरंच गोष्टीत असेल तर तो कानालाही सापडायला हवा. मीही तेच करतो आणि मग लिहितो.